जो फसंल त्यानं रांधायचं

आमच्याकडं एवढे किस्से कसे जमले, असं लोक विचारतात. त्याचं असं आहे बघा. ट्रिपवरून आलं की मी जीप धुतो. पाइप लावतो, ब्रश मारतो, एकदम चकाचक करतो! आठ दिवसांनी पायाखालची मॅट उचलून बघावी, तर खाली चिमूटभर काळी माती असतेच. उमरीची की शिरूर अनंतपाळची, ते कळत नाही. किस्स्यांचं तसंच होतं. सगळे सांगून झाले म्हणावं आणि चहाला बसावं, की कुणीतरी म्हणणारच, "अन् ते रे, साबणाचं?" झालं, परत सुरू!

आम्ही चौघं. मी बालाजी, नांदेडात चष्म्याचं दुकान. केंद्रे डॉक्टर, जनावरांचे. युनूसभाई, उदगीरचा मेकॅनिक. आणि आमचे म्होरके कांबळे साहेब, पाटबंधाऱ्यातून रिटायर, राहायला लातूरला. चौघांकडं जुन्या, छोट्या, फोर-बाय-फोर जीप. महिन्यातून एकदा तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन टाकायचे आणि डांबर संपतं तिथून पुढं जायचं. माझी बायको म्हणते, "घर सोडून रानात झोपायला जाता, असं काय कमी हाय घरात?" याचं उत्तर अकरा वर्षांत मला सापडलेलं नाही.

आणि हो, पाचव्या शकूवहिनी. कांबळे साहेबांची मंडळी. त्या ट्रिपला कधी यायच्या नाहीत, पण आमचा कायदा त्यांनी केलेला. त्याचंच आधी सांगतो.

*

पहिलीच ट्रिप. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं एक पाझर तलाव आहे. तलावाकडं जाताना वाट फुटते. डावीकडची मुरमाची, बाराही महिने कोरडी. उजवीकडची काठाकाठानं जाणारी, जवळची, पण गुरं पाण्यावर जाऊन जाऊन तिथं नुसता चिखलाचा राडा झालेला.

साहेब म्हणाले, "बालाजी, डावीकडून घे."

मी म्हणालो, "साहेब, मग फोर-बाय-फोर कशाला घेतलीय?"

आणि घेतली उजवीकडून! पुढचं सांगायलाच पाहिजे का? दारापर्यंत चिखल. युनूसभाईनं दोर लावला, दोर तुटला. डॉक्टरांनी मागून धक्का दिला, डॉक्टरच कमरेपर्यंत आत गेले. शेवटी शेजारच्या रानातून एक मावशी बैलजोडी घेऊन आली. कोरड्यात बैल उभे केले, साखळी लावली आणि अशी ओढून काढली जीप, की बस!

मी हात जोडले. मावशी गाडीकडं बघत होती. म्हणाली, "बाबा, आमचे बैल कधी जात न्हाईत त्या चिखलात. तुमची गाडी कशी काय गेली?"

लातुरात साहेबांच्या घरी पोचेपर्यंत नऊ वाजले. चौघं चिखलानं माखलेले आणि चौघं उपाशी. वहिनींनी पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, वाढलं. आमचं पोटभर झालं आणि मग त्या उलथनं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ऐका चौघं बी. इथून पुढं जो फसंल, त्यानं रांधायचं. तिथंच, रानात. मग साहेब असू द्या न्हाईतर डॉक्टर. बाकीच्यांनी बसून खायचं, मदत करायची न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "अन् खाण्यासारखं नसलं तर?"

"तरी बी खायचं. रांधणाऱ्याला नाव ठेवायचं न्हाई. बायकांनी रांधलेल्याला ठेवता तेवढं बास झालं!"

तेव्हापासून हा नियम. अकरा वर्षांत आम्ही चौघांनी तो एकदाही मोडलेला नाही.

*

नियमाचा पहिला मान मात्र केंद्रे डॉक्टरांचा. उमरीच्या पुढं एका ओढ्यात त्यांची जीप बसली. फोन लावला तर रेंज नाही. तेवढ्यात बांधावरून एक ट्रॅक्टर आला. त्यावरचा गडी खाली उतरला, डॉक्टरांकडं बघितलं आणि ओरडला, "अरे, डॉक्टरसाहेब! तुम्ही व्हय!"

आम्ही म्हटलं, चला, सुटलो. ओळखीचा निघाला.

गडी ट्रॅक्टरवर परत चढला. म्हणाला, "बसा मागं. म्हशीनं सकाळपासून चारा न्हाई घेतला."

"अरे पण गाडी?"

"गाडी कुठं जाती डॉक्टर? ती काय दूध देती का? आधी म्हैस!"

गेले की डॉक्टर! म्हशीला इंजेक्शन दिलं, तिनं तोंड हलवेपर्यंत थांबले आणि दोन तासांनी आले. मग त्या गड्यानं जीप काढून दिली आणि वर त्याच म्हशीचं तांब्याभर दूध दिलं. नियमाप्रमाणं डॉक्टरांनी रांधलं. खिचडी केली. ती अशी झाली होती, की म्हशीनं परत चारा सोडला असता. आम्ही गपगुमान खाल्ली.

*

साबणाचं आता सांगतोच.

किनवटच्या रानात, इस्लापूरकडं जाताना, माझ्या टाकीला खालून दगड लागला. पेट्रोल टपटप गळायला लागलं. युनूसभाई खाली सरपटला आणि तिथूनच ओरडला, "साबण लाव! जल्दी!" पेट्रोलच्या गळतीवर साबण दाबून बसवला की थांबते गळती, गॅरेज येईपर्यंत. हे सगळ्या मेकॅनिक लोकांना माहीत आहे. पण चौघांत साबण एकाकडंही नव्हता! दोन दिवसांच्या ट्रिपला साबण कोण नेतो?

जवळ एक खोपटं होतं. तिथली बाई दारात कपडे धूत बसली होती. मी पळत गेलो, धापा टाकत म्हणालो, "ताई, साबण!" तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. माझा अवतार बघून तिला वाटलं असणार, खरंच गरज आहे याला. हातातली धुण्याची वडी तशीच, फेसासकट, दिली. आम्ही ती टाकीला लावली आणि गळती बंद! पैसे काही घेतले नाहीत तिनं. म्हणाली, "अर्ध्या वडीचे कसले पैसे?" तिचे कपडे मात्र तसेच राहिले त्या दिवशी.

ते माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी तिकडं गेलो तर डझनभर वड्या घेऊन गेलो. तिनं ओळखलं. वड्या मोजल्या, मग माझ्या जीपकडं बघितलं.

"एवढ्या वेळा फुटती का हो टाकी?"

*

मी हौसेनं टपावर उघडायचा तंबू घेतला. शिडी लावून वर चढायचं, वर गादी, दोन खिडक्या. देगलूरकडच्या एका गावात सरपंचांना विचारून शाळेच्या मैदानात मुक्काम केला. रविवार होता. सकाळी तंबूची चेन उघडतो, तर खाली रांग! म्हातारेकोतारे, बाया, हातात आधार कार्डं.

पहिले आजोबा म्हणाले, "शिबिर कशाचं हाय?"

मी वरूनच म्हणालो, "शिबिर नाही हो आजोबा, आम्ही फिरायला आलोय."

"ते ऱ्हाऊ द्या. कशाचं हाय ते सांगा."

आता काय करता? मी पायजम्यावरच खाली उतरलो. माझ्या गाडीत चष्म्याचा एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम असतो. आजोबांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. तिला स्क्रू बसवून दिला. झालं! अकरा वाजेपर्यंत मी चष्मे दुरुस्त करून राहिलो, डॉक्टर शेळ्या तपासून राहिले आणि युनूसभाईनं गावातल्या दोन मोटारसायकली खोलल्या. साहेब कुणाकुणाला कॅनॉलचं पाणी कधी सुटतं ते सांगत बसले. एका घरातून सुशीला आली परातभर, चुरमुऱ्यांची, गरमागरम, वर शेंगदाणे. तसली सुशीला मी परत खाल्ली नाही, आपल्यानं खोटं बोलवत नाही.

निघताना आजोबा चष्मा नीट करत म्हणाले, "लई चांगलं झालं शिबिर. पुढच्या टायमाला दाताचं आणा."

*

आता साहेबांचं.

साहेब कधी फसलेच नाहीत! अकरा वर्षांत एकदाही नाही. त्याचं कारण त्यांची काठी. नोकरीत पाण्याची खोली मोजायचे ती बांबूची काठी, खुणा केलेली. ओढा दिसला, चिखल दिसला, की साहेब गाडी थांबवणार, पँट गुडघ्यापर्यंत दुमडणार आणि काठी टोचत टोचत चालत पलीकडं जाणार. मग परत येणार. मग विचार करणार. एकदा एका वीतभर पाण्याच्या ओढ्यावर त्यांनी पाऊण तास घालवला. तेवढ्यात एक धनगर दीडशे शेळ्या घेऊन आमच्या देखत पलीकडं गेला.

मी वैतागून म्हणालो, "साहेब, शेळ्या गेल्या की!"

साहेब काठी पुसत म्हणाले, "शेळीला एक्सल नसतो, बालाजी."

त्यामुळं साहेबांवर रांधायची पाळी कधी आलीच नाही. मी सतरा वेळा रांधलं, डॉक्टरांनी नऊ वेळा, युनूसभाईनं सहा वेळा. साहेब आपले खुर्ची टाकून बसायचे आणि वरून सांगायचे, "कांदा अजून बारीक चिर." आमच्या अंगाची आग व्हायची! युनूसभाईनं तर कंधारच्या दर्ग्यात जाऊन मन्नत मागितली, "एक बार साब की गाडी फसने दो, चादर चढाता!"

वहिनींनाही हे माहीत होतं. नियम केला तरी दर ट्रिपला त्यांचा डबा यायचाच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भुरका. डबा हातात देताना साहेबांकडं बघून हसायच्या. "नियम केला मी, अन् सुटले तेवढे हेच! भावजी, चाळीस वर्षं झाली लग्नाला. या माणसाच्या हातचं घोटभर पाणी बी गरम झालेलं मला ठाऊक न्हाई."

आम्ही म्हणायचो, "वहिनी, तुम्ही चला एकदा."

"मी? जीपमधून हिंडायला मी काय उमेदवार हाय का निवडणुकीची?"

*

मागच्या वर्षी वहिनींना पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. आमच्या ट्रिपा थांबल्या. जीप तेवढ्या लातूरच्या दवाखान्यासमोर उभ्या असायच्या, आळीपाळीनं. त्या दिवसांतलं विनोदी असं माझ्याकडं काही नाही.

त्यांच्या तोंडाची चव गेली. सगळी गेली. मी एकदा नांदेडहून त्यांच्या आवडीचे पेढे नेले. एक तोंडात घातला आणि म्हणाल्या, "भावजी, खडू खाल्ल्यागत लागतंय. राग मानू नका." धपाटे करणारी ती बाई दोन घास खाऊन ताट सारायची. वजन उतरत चाललं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, की खाणं असंच राहिलं तर अंगाला झेपणार नाही, पुढचा डोस लांबवावा लागेल. आणि डोस लांबवणं बरं नाही.

साहेबांनी घरी रांधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मी तिथंच होतो. साहेबांनी हळूच गॅस लावला. लायटरचा आवाज झाला मात्र, वहिनी कॉटवरून उठल्या, भिंतीला धरत धरत आल्या आणि त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"सरका तिकडं. मी अजून हाय."

अर्धा कप चहा केला आणि तिथंच फरशीवर बसल्या, दम लागून. साहेब गाळणी हातात धरून उभे होते. मला त्यांच्याकडं बघवेना. मी पेपर वाचायला लागलो, उलटा होता की सुलटा, देव जाणे.

त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. "बालाजी, दवाखान्यात विचारलंय. गर्दीत न्यायची नाही म्हणाले, मोकळ्या हवेत चालेल. रविवारी सकाळी जायचं. तलावावर. आपल्या पहिल्या तलावावर."

"अन् वहिनी?"

"ती पुढच्या सीटवर."

*

रविवारी सकाळी निघालो. वहिनी शाल गुंडाळून साहेबांच्या जीपमध्ये पुढं बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "जय भीम, भावजी! झाले बघा मी उमेदवार," म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच.

साहेब सगळ्यांत पुढं, आम्ही तिघं मागं. वाट फुटते तिथं आलो. डावीकडं मुरूम, कोरडा खडखडीत. उजवीकडं गुरांचा तोच राडा.

साहेबांनी गाडी थांबवली नाही. पँट दुमडली नाही. काठी मागं टपाला बांधलेलीच होती. त्यांनी उजवा इंडिकेटर दिला, आमच्या डोळ्यांदेखत उजवीकडं वळले आणि सरळ जाऊन चिखलात बसले. मधोमध!

डॉक्टरांनी ब्रेक मारला. युनूसभाई खाली उतरला आणि तसाच उभा राहिला. "या अल्ला," म्हणाला. "साब फस गये!"

साहेब दार उघडून उतरले. घोटाभर आत गेले. म्हणाले, "अंदाज चुकला."

बास, एवढंच!

आम्ही वहिनींना साहेबांच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून कोरड्यात, बाभळीच्या सावलीत आणलं. त्या चिखलातल्या गाडीकडं बघून राहिल्या होत्या. मग साहेबांकडं.

"फसली का?" वहिनी म्हणाल्या.

"फसली."

"मंग? नियम काय हाय?"

साहेबांनी बाह्या वर केल्या. मागून पेटी काढली. त्यात बेसन होतं, तेल होतं, येसर मसाला होता आणि कांदा घरूनच चिरून आणलेला होता, एकदम बारीक. मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर आभाळाकडं बघत होते.

स्टोव्ह पेटला. दोनदा वहिनींचे हात खुर्चीच्या दांड्यावर गेले, उठायला. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "मदत करायची नाही. कुणाचा नियम आहे?" दोन्ही वेळा त्या परत टेकल्या. पिठल्यात गुठळ्या झाल्या. भाकरी थापताना तीनदा फाटली, चौथी जमली, पण एका बाजूनं जळाली. एवढ्या थंडीत साहेबांना घाम फुटला होता. एवढं घाबरलेलं मी त्यांना कॅनॉल फुटला तेव्हाही बघितलं नव्हतं.

पहिलं ताट वहिनींना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावला, मग थांबल्या.

साहेब हातात उलथनं घेऊन तसेच उकिडवे बसलेले.

वहिनींनी दुसरा घास घेतला. कपाळाला आठी पडली.

"मीठ लई झालंय की हो!"

साहेबांनी उलथनं खाली ठेवलं.

"खारट! नुसतं खारट! अहो, हात केवढा सैल सोडावा माणसानं?"

युनूसभाईला आधी कंठ फुटला. "भाभी, रूल! नाव नहीं ठेवनेका!"

"ठेवणार! माझा नियम, मीच मोडणार!" आणि ताट पुढं केलं. "वाढा अजून. अर्धी भाकरी द्या. जळकी बी चालंल."

साहेब वाढायला उठले. दोन पावलं गेले आणि गाडीकडं तोंड करून उभे राहिले. मी रडलो, सरळ सांगतो. डॉक्टर पण रडले. एवढ्या म्हशी वाचवलेला माणूस, मुसमुसत होता! मग आम्ही सगळ्यांनी ते पिठलं खाल्लं. खरंच लई खारट होतं. तसलं चांगलं जेवण माझ्या नशिबात पुन्हा असेल असं वाटत नाही.

जीप काढायला दहा मिनिटं लागली. या वेळी दोर तुटला नाही.

दुसऱ्या दिवशी युनूसभाई गॅरेज बंद ठेवून कंधारला गेला. चादर घेऊन.

*

पुढचा डोस वेळेवर झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी आम्ही परत त्याच तलावावर निघालो. साहेब पुढं, वहिनी शेजारी, आम्ही मागं. वाट फुटते तिथं साहेबांनी गाडी थांबवली. खाली उतरले, पँट दुमडली, मागून काठी सोडायला लागले.

वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ती काठी ऱ्हाऊ द्या मागं," त्या म्हणाल्या. "भूक लागली. उजवीकडून घ्या."